एक करंडक घरच्यांसाठी



मंडळाच्या दिवाळी अंकात बास्केटबॉलवर लेख, आणि तोही अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाचा, हे पाहून काहीजण पान उलटतील. जरा थांबा. आपल्या वार्षिक सभेत ज्या मुद्द्यावर दरवर्षी आवाज चढतात, त्याच मुद्द्यावर फिलिपिन्स हा देश गेली पन्नास वर्षं विचार करतो आहे, आणि माझ्या मते आपल्यापेक्षा अधिक समजूतदारपणे. मुद्दा तुम्हाला माहीत आहे. कार्यक्रम शुद्ध मराठीत करायचे की सगळ्यांना कळतील असे? अमराठी सुना-जावयांना कार्यकारिणीत घ्यायचं की नाही? थोडक्यात, घरात पाहुण्याला जागा किती?

फिलिपिन्समध्ये बास्केटबॉलचं वेड आपल्याकडच्या क्रिकेटइतकं आहे. १९७५ साली तिथे पीबीए ही व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली. आशियातली ती पहिली. तिथले संघ शहरांचे नाहीत, कंपन्यांचे आहेत. सान मिगेल ही बीअर, हिनेब्रा ही जिन, मेराल्को ही वीज कंपनी, रेन ऑर शाइन हा भिंतीचा रंग. मुंबईत टाइम्स शील्डचं क्रिकेट पाहिलेल्यांना, निरलॉन, मफतलाल, टाटा ही नावं आठवणाऱ्यांना यात काही नवल वाटणार नाही. मला हा नाद लागला तो माझ्या विभागातल्या मनिलाच्या एका सहकाऱ्यामुळे. तिथली संध्याकाळ म्हणजे इथली पहाट. हिनेब्राचा सामना असला की हा गृहस्थ पहाटे उठून बसायचा आणि नऊच्या तासाला लाल डोळ्यांनी यायचा. संघ हरला असेल तर त्या दिवशी विद्यार्थ्यांना गुण कमी मिळतात, असा आमचा सर्वांचा संशय होता.

आता या स्पर्धेची रचना पाहा, कारण सगळं मर्म तिथे आहे. पूर्ण हंगामात सहसा तीन करंडक असतात. फिलिपिन कप फक्त घरच्या खेळाडूंचा, त्यात परदेशी पाहुणा नाही. कमिशनर्स कपमध्ये प्रत्येक संघाला एक परदेशी खेळाडू घेता येतो, आणि तो चांगला उंच, पावणेसात फुटांच्या घरातला असला तरी चालतो. गव्हर्नर्स कपमध्येही एक पाहुणा, पण त्याच्या उंचीची मर्यादा कमी, साडेसहा फुटांच्या आसपास. करंडकांचा क्रम मागेपुढे होतो, मर्यादा इंच-दोन इंचांनी बदलतात, एखाद्या हंगामात तीनऐवजी दोनच स्पर्धा होतात. मूळ कल्पना मात्र टिकून आहे, आणि तिघांत सर्वांत मानाचा समजला जातो तो पाहुण्यांशिवायचा करंडक.

या पाहुण्याला तिथे सरळ ‘इम्पोर्ट’ म्हणतात. आयात केलेला माल. शब्द मला आवडत नाही, पण त्यात ढोंग तरी नाही. हे इम्पोर्ट बहुतेक अमेरिकन असतात. कॉलेजात नाव कमावलेले, एनबीएच्या दारापर्यंत गेलेले, काही आत जाऊन थोड्याच सामन्यांत बाहेर पडलेले. मग मनिलाला उतरल्यावर त्यांची उंची मोजतात. संघटनेचे लोक मोजपट्टी घेऊन उभे असतात आणि हा आडदांड माणूस भिंतीला पाठ लावून श्वास रोखून उभा राहतो. अमेरिकेत खेळाडूंनी कागदावर उंची इंचभर वाढवून लिहावी हा जुना रिवाज. मनिलात तोच माणूस इंचभर कमी भरावा म्हणून गुडघे किंचित वाकवतो, मान खाली घेतो. उंची जास्त भरली म्हणून एकही सामना न खेळता परतलेले खेळाडू आहेत.

हे वाचताना तुमच्यापैकी कितीजणांना आपला व्हिसाचा मुलाखत-कक्ष आठवला? मला आठवला. ज्या देशात आपण आलो, त्याच देशाचे तरुण दुसऱ्या देशात आपल्या जागी उभे असतात, मोजून घेतात, ठराविक मुदतीवर राहतात. आपल्याला एचवन-बीची वर्षाला ६५,००० आणि इथल्या पदव्युत्तर पदवीधारकांसाठी आणखी २०,००० ही संख्या पाठ आहे. तिथे संख्या सोपी आहे: संघामागे एक.

आणि तो एक टिकेलच असं नाही. दोन-तीन सामने हरले की संघ त्याला विमानात बसवतो आणि दुसरा मागवतो. घरच्या खेळाडूचा एखादा हंगाम वाईट गेला तर त्याला आधार असतो, मामा-काका असतात, वर्तमानपत्रातला ओळखीचा बातमीदार असतो. पाहुण्याला रोज तीस गुण टाकावेच लागतात. वीस टाकले तर तो ‘थकलेला’ ठरतो. नोकरी गेल्यावर साठ दिवसांत नवी शोधा नाहीतर निघा, हा नियम ज्यांनी अंगावर काढला आहे, त्यांना मी अधिक काय सांगणार? ज्यांनी नाही काढला, म्हणजे आपली इथे जन्मलेली मुलं, त्यांनी आई-वडिलांना एकदा विचारावं की त्या काळात घरात आवाज इतके कमी का होते.

अशा अस्थिर जागेवर आलेले काहीजण मात्र तिथलेच होऊन गेले. नॉर्मन ब्लॅक हा बाल्टिमोरचा. डेट्रॉइट पिस्टन्सकडून मोजकेच सामने खेळून १९८१ मध्ये इम्पोर्ट म्हणून मनिलाला गेला. पुढे सान मिगेलचा प्रशिक्षक झाला आणि १९८९ मध्ये त्याच्या संघाने वर्षातले तिन्ही करंडक जिंकले. नंतर अतेनेओ विद्यापीठाला त्याने २००८ ते २०१२ अशी सलग पाच विजेतेपदं मिळवून दिली. त्याचा मुलगा ॲरन आज पीबीएत खेळतो. मेम्फिसचा बॉबी पार्क्स सात वेळा सर्वोत्तम इम्पोर्ट ठरला. २०१३ मध्ये, पन्नाशीत, तो गेला; आता त्या पारितोषिकालाच त्याचं नाव आहे. त्याचा मुलगाही तिथलाच खेळाडू, फिलिपिन्सच्या राष्ट्रीय संघाकडून खेळलेला.

मग जस्टिन ब्राउनली. जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन गावचा, न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्स विद्यापीठात शिकलेला, एनबीएच्या निवडीत नाव न आलेला. २०१६ मध्ये हिनेब्राचा मूळ इम्पोर्ट पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला म्हणून याला बदली म्हणून बोलावलं. बदलीचा बदली म्हणा. हिनेब्राला आठ वर्षं एकही करंडक मिळाला नव्हता. १९ ऑक्टोबर २०१६ ला, अरानेता कोलिझियममध्ये, अंतिम फेरीच्या सहाव्या सामन्यात मेराल्कोशी ८८–८८ अशी बरोबरी असताना शेवटच्या क्षणी याने लांबून चेंडू टाकला आणि भोंगा वाजता वाजता तो जाळीतून खाली आला. मेराल्कोच्या बाकावर प्रशिक्षक कोण होता? नॉर्मन ब्लॅक. हिनेब्राचा प्रशिक्षक टिम कोन, तोही अमेरिकेत जन्मलेला, लहानपणीच आई-वडिलांबरोबर फिलिपिन्सला गेलेला, पीबीएत सर्वाधिक करंडक जिंकलेला. जिंकणारा बाहेरचा, जिंकवणारा बाहेरचा, हरणारा बाहेरचा. आणि त्या क्षणी रडत होते ते हजारो फिलिपिनो. माझा सहकारीही त्यांतलाच. आमच्या विभागाच्या इतिहासात त्या दिवशी प्रथमच त्याने तास रद्द केला.

ब्राउनली पुढे पुन्हा पुन्हा हिनेब्राकडेच येत राहिला. २०२३ च्या जानेवारीत फिलिपिन्सच्या संसदेने केलेल्या खास कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली आणि तो फिलिपिनो नागरिक झाला. त्याच आठवड्यात हिनेब्राने हाँगकाँगहून आलेल्या बे एरिया ड्रॅगन्स या पाहुण्या संघाला शेवटच्या सामन्यात हरवलं, तेव्हा प्रेक्षागृहात ५४,५८९ माणसं होती. म्हणजे इथे पाहुणा खेळाडूच नव्हे, अख्खा पाहुणा संघ अंतिम फेरीपर्यंत आला होता. ग्रीन कार्डाच्या रांगेत पंधरा-पंधरा वर्षं काढलेल्या वाचकांना एका माणसासाठी संसदेने कायदा करावा हे टोचेल. मलाही थोडं टोचलं. पण सात वर्षांत त्या माणसाने जे मिळवलं ते आधी लोकांच्या मनात मिळवलं होतं. कायदा मागाहून आला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत फिलिपिन्सने चीनला एका गुणाने हरवलं आणि मग जॉर्डनला ७०–६० असं हरवून १९६२ नंतर पहिल्यांदा सुवर्णपदक जिंकलं. जॉर्डनच्या संघात मुख्य खेळाडू कोण? रॉन्डे हॉलिस-जेफरसन, पेनसिल्व्हानियाचा. त्याच वर्षी तो पीबीएत टीएनटी या संघाचा इम्पोर्ट होता आणि गव्हर्नर्स कपच्या अंतिम फेरीत त्याने ब्राउनलीच्या हिनेब्राला हरवलं होतं. आशियाच्या सुवर्णपदकासाठी दोन अमेरिकन, दोन वेगळ्या देशांचे पासपोर्ट खिशात घालून. यावर नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मला मात्र यात खोटं काही दिसत नाही, कारण नियम आधीच लिहिलेला होता: जागतिक संघटनेच्या स्पर्धांत एका संघात असा नंतर नागरिक झालेला खेळाडू एकच.

या नियमाची एक बाजू मात्र मला खटकते, आणि ती आपल्या दुसऱ्या पिढीने नीट वाचावी. जॉर्डन क्लार्कसन हा एनबीएतला नावाजलेला खेळाडू. त्याची आईकडची आजी फिलिपिनो. पण तो अमेरिकेत वाढला आणि सोळा वर्षांचा होण्याआधी त्याच्याकडे फिलिपिन्सचा पासपोर्ट नव्हता. म्हणून जागतिक संघटनेच्या हिशेबी तोसुद्धा ‘नंतर झालेला’. ती एकमेव जागा एकतर ब्राउनलीची, नाहीतर क्लार्कसनची. दोघं एकत्र नाहीत. आजीच्या रक्ताचं नातं आणि टिफ्टनहून बदली म्हणून आलेल्या माणसाची सात वर्षं, दोन्ही एकाच रकान्यात! पीबीएत तसं नाही. तिथे फिलिपिनो वंशाचा, अमेरिकेत वाढलेला तरुण फिलिपिन्सचा पासपोर्ट घेऊन आला तर तो घरचा म्हणूनच खेळतो, घरच्यांच्या करंडकातही. त्याला टागालोग धड येत नसली तरी.

आता आक्षेप. अर्थशास्त्रज्ञाने फायदे सांगून थांबायचं नसतं. पाहुणे आणले की घरच्यांची वाढ खुंटते, हा आक्षेप फिलिपिन्समध्ये नेहमी ऐकू येतो आणि तो पोकळ नाही. बास्केटखालची जागा उंच माणसाची. ती इम्पोर्टने व्यापली की घरचा उंच मुलगा बाकावर बसतो, किंवा इम्पोर्टला चेंडू पुरवत राहतो. शेवटच्या मिनिटाला चेंडू कुणाच्या हाती द्यायचा हा प्रश्न प्रशिक्षकाला पडतच नाही. जबाबदारी घ्यायची सवय मोडते, आणि ती एकदा मोडली की पैशाने परत येत नाही.

म्हणूनच तो राखीव करंडक महत्त्वाचा. जून मार फहार्दो हा सेबूकडचा, सहा फूट दहा इंच उंचीचा खेळाडू पाहा. पाहुणे नसलेल्या फिलिपिन कपमध्ये बास्केटखालची जागा त्याची होती. त्याच्या जोरावर सान मिगेलने २०१५ ते २०१९ असा सलग पाच वेळा तो करंडक जिंकला, आणि हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू हा मान त्याच्याइतक्या वेळा दुसऱ्या कुणाला मिळालेला नाही. पण उरलेल्या करंडकांत हाच फहार्दो परदेशी उंच खेळाडूंशी टकरा देत घडला. नुसता राखीव करंडक असता तर तो आळसावला असता. नुसते खुले असते तर त्याला पुढे यायला जागाच उरली नसती.

आपल्या कबड्डीत हा प्रश्न दुसऱ्या टोकाने आला. इराणचा फझल अत्राचली आपल्या प्रो कबड्डीत घडला, गाजला. २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत त्याच्या संघाने उपांत्य फेरीत भारताला हरवलं. त्याच वर्षी मुंबईच्या प्रेक्षकांनी त्याला यू मुंबाचा कर्णधार म्हणून डोक्यावर घेतलं. त्याच स्पर्धेत इराणच्या महिलांनी अंतिम सामन्यात भारताला २७–२४ असं हरवलं. त्यांच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन! म्हणजे आपली बाई तिकडे पाहुणी म्हणून गेली आणि शिकवून आली. तेव्हा ‘आपल्यांनीच आपल्याला हरवलं’ असे संदेश मला चार ठिकाणांहून आले. पाठवणाऱ्यांपैकी तिघेजण आयुष्यभर अमेरिकन कंपन्यांना भारतीय कंपन्यांविरुद्ध जिंकायला मदत करत आले आहेत. मी त्यांना तसं कळवलं नाही, इथे लिहितो आहे. शैलजाताईंनी आपलं काम चोख केलं. पाहुण्याने ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यासाठी जीव तोडून खेळावं, यात गद्दारी कसली?

आणि हाच दुटप्पीपणा आपल्या फोनवर रोज दिसतो. सकाळी ग्रीन कार्डाची मर्यादा उठवा म्हणून अर्जावर सही मागणारा संदेश, दुपारी मुंबई-पुण्यात बाहेरच्यांना आवरा म्हणून सांगणारा. पाठवणारा एकच. मर्यादा मुळातच वाईट असते असं मी म्हणत नाही. घरच्यांची भीती खरी असते, तिला हसू नये. पण मर्यादा घालायची तर ती आधी सांगावी, सगळ्यांना सारखी लावावी आणि पाहुणा दारात आल्यावर मोजपट्टी बदलू नये. दोन्ही संदेश एकाच कसोटीवर घासून पाहा, मग पुढे पाठवा.

आता आपलं मंडळ. गेल्या काही सभांतले दोन्ही पक्ष मला बरोबर वाटतात आणि म्हणूनच दोघांचे उपाय चुकीचे वाटतात. ज्येष्ठ म्हणतात, सगळे कार्यक्रम इंग्रजी आणि हिंदी गाण्यांनी भरले, मराठी ऐकायला आम्ही कुठे जायचं? तरुण म्हणतात, आमच्या जोडीदारांना तीन तास काहीही कळत नाही, मग आम्ही कशाला यायचं? यातून निघतं ते दरवेळी अर्धवट काहीतरी: मराठी नाटकात मध्येच इंग्रजी निवेदन आणि शेवटी हिंदी गाण्यावर नाच. कुणालाच समाधान नाही.

माझं म्हणणं, वर्षाचे करंडक वेगळे करा. गुढीपाडव्याचा कार्यक्रम संपूर्ण मराठी. भाषांतर नाही, हिंदी गाणं नाही, आणि त्याबद्दल कुणाची माफी मागणं नाही. तोच वर्षातला सर्वांत मानाचा कार्यक्रम, त्याला सर्वांत चांगला हॉल आणि सर्वांत जास्त पैसे. त्या दिवशी अडखळत मराठी बोलणारी आपली मुलं घरचीच समजायची; उच्चारावर हसणाऱ्या काकांना मागच्या रांगेत बसवायचं. गणेशोत्सव आणि दिवाळी पाहुण्यांसह: दोन्ही भाषांत निवेदन, सुना-जावयांना केवळ टाळ्या वाजवायला नव्हे तर रंगमंचावर आणि व्यवस्थेत जागा. कार्यकारिणीच्या नऊ जागांपैकी दोन अमराठी सदस्यांसाठी खुल्या. आणि जो अमराठी सदस्य पाच वर्षं सातत्याने काम करेल, तो या दोन जागांच्या हिशेबातून बाहेर, पूर्ण घरचा. मग तो अध्यक्षपदालाही उभा राहू शकतो.

पाचच वर्षं का, असं कुणी विचारेल. चार ठेवा, सात ठेवा. आकड्यावर मी भांडणार नाही. पण आकडा घटनेत लिहिलेला हवा. आज आपल्याकडे पंधरा वर्षं गणपतीच्या प्रसादाचं सगळं पाहणारी एक अमराठी सून आहे. तिचं मराठी आपल्या अर्ध्या कार्यकारिणीपेक्षा बरं आहे, आणि दर निवडणुकीला तिचं नाव ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून मागे पडतं. नियम नसल्यामुळे कुणी तिला नाही म्हणत नाही आणि कुणी हो म्हणत नाही. मनिलाच्या मोजपट्टीपुढे उभं राहणं यापेक्षा बरं. तिथे निदान किती इंच भरलो हे तरी कळतं.

हा ठराव लेखी स्वरूपात मी पुढच्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहे. अनुमोदक म्हणून एक नाव लागतं. ते दुसऱ्या पिढीतल्या कुणाचं असेल तर मला आवडेल. मराठी मसुद्याबरोबर इंग्रजी मसुदाही मी तयार ठेवला आहे.